विमानात उलटं बसणं जास्त सुरक्षित आहे, हे स्वतः रॉकेटवर बसून दाखवणारा डॉक्टर

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून किंवा पुण्या-मुंबईहून विमानात बसलात, तर उड्डाणाआधी एक गोष्ट बघा. सगळे प्रवासी पुढे तोंड करून बसलेले असतात. पुढच्या दाराजवळच्या छोट्या फोल्डिंग सीटवर बसलेली एअर होस्टेस मात्र आपल्याकडे तोंड करून बसते. म्हणजे विमान ज्या दिशेला चाललंय, त्या दिशेला तिची पाठ असते.

प्रवाशांवर लक्ष ठेवता यावं, हे त्याचं एक कारण. पण त्या बसण्याचा अजून एक फायदा आहे. विमान समोरून कशावर आदळलं किंवा धावपट्टीवर जोरात थांबलं, तर तिचं अंग सीटच्या पाठीत दाबलं जातं. आपलं अंग मात्र पुढे फेकलं जातं आणि पोटावरच्या एका पट्ट्यावर सगळा भार येतो.

मग आपल्या सगळ्यांच्याच सीट उलट्या का नाहीत?

हा प्रश्न जुना आहे. सत्तरेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या हवाई दलातल्या एका डॉक्टरने त्याचं उत्तर शोधलं, तेही स्वतःला रॉकेटच्या गाडीला बांधून घेऊन. त्यांचं नाव कर्नल जॉन पॉल स्टॅप. एकेकाळी जमिनीवरचा सर्वात वेगवान माणूस म्हणून ते जगभर गाजले. त्यांचं खरं काम मात्र वेग वाढवण्याचं नव्हतं. थांबताना माणूस कसा वाचेल, हे त्यांना शोधायचं होतं.

आधी आंबा घाटातली एसटी

स्टॅप यांची गोष्ट कळायला एक साधा हिशोब लागतो. त्यासाठी मलकापूरहून रत्नागिरीला जाणारी एसटी घेऊ. शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे. इथून गाडी आंब्याला जाते आणि पुढे घाट उतरून साखरप्याकडे वळते.

समजा वळणावर अचानक ट्रक समोर आला आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबते, पण गाडीतली माणसं थांबत नाहीत. त्यांचं अंग आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. कुणाचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटतं, कुणाची पिशवी ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत घरंगळते. मागे तोंड करून बसलेला कुणी असेल, तर तो फक्त सीटच्या पाठीत रुततो.

हा धक्का मोजायचं एकक म्हणजे 'जी'. पृथ्वी आपल्याला जेवढ्या जोराने खाली ओढते, तो १ जी. ताशी ६० किलोमीटरने चाललेली बस चार सेकंदांत थांबली, तर अर्ध्या जी-पेक्षाही कमी धक्का बसतो. तेवढ्यानेही उभा असलेला माणूस पडतो.

१० जी म्हणजे ७५ किलोच्या माणसाला काही क्षण स्वतःचं वजन ७५० किलो असल्यासारखं वाटणं. हा भार पोटावरच्या दोन बोटं रुंद पट्ट्यावर आला, तर आतडी आणि मणका दोन्ही धोक्यात येतात. तोच भार डोकं, पाठ, कंबर आणि मांड्यांवर सारखा पसरला, तर शरीर तो बऱ्याच अंशी सोसतं. उलट्या सीटचं सगळं गणित एवढंच आहे.

पण 'बऱ्याच अंशी' म्हणजे नेमकं किती? १९४७ पर्यंत हे कुणालाच नीट माहीत नव्हतं.

ब्राझीलमधलं बालपण आणि एका बाळाचा मृत्यू

जॉन पॉल स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधल्या बाहिया इथला. आई-वडील अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते. घरात शिस्त कडक आणि पैसा बेताचा. सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांना शिकायला अमेरिकेत, टेक्सासला पाठवलं गेलं.

पुढे ते बेलर विद्यापीठात गेले. १९२८ च्या नाताळच्या सुट्टीत ते नातेवाइकांकडे होते. तिथे घरातलं एक लहान मूल शेगडीजवळ गेलं आणि भयंकर भाजलं. अठरा वर्षांचे स्टॅप सुमारे अडीच दिवस त्या मुलाची शुश्रूषा करत राहिले. मूल वाचलं नाही. माणूस मरताना त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला होता. डॉक्टर व्हायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, फी भरणं नव्हतं. १९३१ मध्ये पदवी, पुढच्या वर्षी प्राणिशास्त्रात एमए, मग काही वर्षं शिकवण्याची नोकरी, १९४० मध्ये टेक्सास विद्यापीठातून जीवभौतिकीतली पीएचडी आणि त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी. प्रत्यक्ष डॉक्टर होईपर्यंत त्यांनी वयाची तिशी ओलांडली होती आणि दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. १९४४ मध्ये ते अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागात दाखल झाले.

१९४६ मध्ये त्यांची बदली ओहायोतल्या राइट फील्ड इथल्या वैद्यकीय प्रयोगशाळेत झाली. पहिलं काम होतं ऑक्सिजनचं. खूप उंचावर, केबिनमध्ये हवेचा दाब नसलेल्या विमानात वैमानिकांच्या सांध्यांत असह्य कळा यायच्या. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यामुळे हे व्हायचं. स्टॅप स्वतः अशा विमानांतून पुन्हा पुन्हा वर गेले. उड्डाणाआधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला, तर हा त्रास टळतो, असं त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं.

इथेच त्यांची पद्धत ठरून गेली. जो धोका दुसऱ्याला सांगायचा, तो आधी आपल्या अंगावर घ्यायचा.

अठरा जी म्हणजे मरण, हे ठरवलं कुणी?

महायुद्धात एक विचित्र गोष्ट दिसत होती. अनेक अपघातांत विमानाचा सांगाडा बऱ्यापैकी शाबूत राहायचा, पण आतला माणूस मेलेला असायचा. कधी सीट जमिनीतून उखडलेली असायची, कधी पट्टा तुटलेला असायचा.

त्या काळी समज असा होता, की १८ जी-च्या पुढे माणूस जगूच शकत नाही. त्यामुळे वैमानिकांच्या सीटही तेवढ्याच मजबुतीच्या बनवल्या जात. जो वाचणारच नाही, त्याच्यासाठी जास्त पक्की सीट कशाला?

या समजावर शंका घेणारे स्टॅप एकटे नव्हते. ह्यू डीहेवन नावाचे गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशिक्षण घेताना हवेतल्या टकरीतून वाचले होते. आपण का वाचलो, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अपघातांतल्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. पण तो अभ्यास अपघात होऊन गेल्यानंतरचा होता. जिवंत माणसाला किती धक्का सोसतो, हे आधीच मोजून बघायचं काम स्टॅप यांच्या वाट्याला आलं.

१९४७ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या म्युरॉक तळावर आले. आज हा तळ एडवर्ड्स नावाने ओळखला जातो. तिथे २,००० फूट लांबीचा सरळ लोहमार्ग होता. त्यावर रॉकेटने पळणारी एक उघडी गाडी बनवली गेली. तिचं गमतीशीर नाव होतं 'जी व्हिझ'. मार्गाच्या शेवटी जबरदस्त ब्रेक होते. रॉकेट पेटायचं, गाडी सुसाट सुटायची आणि मग काही फुटांत थांबायची.

सुरुवातीला तिच्यावर माणूस नव्हता. ऑस्कर एटबॉल नावाचा सुमारे ८४ किलोचा पुतळा बसवला जायचा. एका चाचणीत या ऑस्करचा पट्टा सैल ठेवला होता. गाडी थांबली आणि ऑस्कर समोरचा अडथळा फोडून शेकडो फूट लांब जाऊन पडला. पट्टा नसेल तर काय होतं, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पहिली फेरी उलटी

पस्तीस चाचण्या पुतळ्यांवर झाल्या. १० डिसेंबर १९४७ रोजी स्टॅप स्वतः गाडीत बसले.

ते बसले ते मागे तोंड करून. त्यांचा अंदाज सरळ होता. धक्का पाठभर पसरला, तर कमी इजा होईल. म्हणून सुरुवात कमी धोक्याच्या बाजूने. एकच रॉकेट पेटवलं गेलं. वेग ताशी सुमारे १४५ किलोमीटर. धक्का साधारण १० जी. स्टॅप सुखरूप उतरले.

मग रॉकेटं वाढत गेली. १९४८ च्या ऑगस्टपर्यंत त्यांच्या सोळा फेऱ्या झाल्या होत्या आणि धक्का ३५ जी-पर्यंत गेला होता. ज्या आकड्याला मरण समजत होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट धक्का सोसून माणूस चालत घरी जात होता.

यानंतर ते पुढे तोंड करून बसायला लागले. तेव्हा फरक स्पष्ट झाला. मनगट मोडलं, बरगड्यांना तडे गेले, दातांतलं भरलेलं सिमेंट निघून पडलं, डोळ्यांत रक्त उतरलं. पुढे तोंड करूनही माणूस वाचू शकतो, हे कळलं. पण त्यासाठी खांद्यांवरून आणि मांड्यांवरून येणारे जाड पट्टे लागत होते. नुसता पोटावरचा पट्टा पुरत नव्हता. उलट्या सीटला मात्र तेवढ्या जामानिम्याची गरज नव्हती, कारण सीटची पाठच पट्ट्याचं काम करत होती.

या कामाला एक काळी बाजूही होती. मोठ्या धक्क्यांच्या चाचण्यांसाठी चिंपांझी आणि इतर प्राणी वापरले गेले आणि त्यातले काही मेले. आज असे प्रयोग सहजासहजी होऊ दिले जाणार नाहीत.

याच तळावर १९४९ मध्ये एडवर्ड मर्फी नावाचे कॅप्टन धक्का मोजणारी यंत्रं घेऊन आले. यंत्रांच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या आणि एका फेरीत काहीच नोंद झाली नाही. मर्फी वैतागून जे बोलले, त्यातून 'मर्फीचा नियम' जन्मला, असं सांगितलं जातं. चूक होण्याची वाट उघडी ठेवली, की कुणीतरी ती चूक करतोच, हा त्याचा सारांश. स्टॅप यांनी तो पत्रकारांसमोर मांडला आणि जगभर पसरला. त्यांच्या दृष्टीने तो विनोद नव्हता. चूक होणार असं धरूनच प्रत्येक फेरीची तयारी करायची, ही त्यांची कामाची रीत होती.

एरवीचे स्टॅप कसे होते? तळावरच्या सैनिकांच्या बायकामुलांसाठी पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, म्हणून ड्युटी संपल्यावर ते त्यांना फुकट तपासायचे. घरी जाऊन औषध द्यायचे. कोट्या करायची त्यांना भारी हौस होती. त्यांनी लग्न केलं ते थेट सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९५७ मध्ये, लिलियन लानीज या बॅले नर्तिकेशी.

लष्कराने ऐकलं

स्टॅप यांच्या आकड्यांमुळे दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, लढाऊ विमानांच्या सीट. १८ जी हीच मर्यादा नाही, हे सिद्ध झाल्यावर या सीट ३२ जी-पर्यंत टिकतील अशा बनवायचं ठरलं.

दुसरी, प्रवासी सीटची दिशा. अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विभागाने सैनिकांना, अधिकाऱ्यांना आणि जखमींना नेणाऱ्या विमानांत उलट्या सीट बसवल्या. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने महायुद्ध संपल्यावर लगेचच ही वाट धरली होती. पुढे त्यांच्या व्हीसी-१० विमानांतले सैनिकही मागे तोंड करूनच प्रवास करायचे. अमेरिकेच्या महाकाय सी-५ गॅलक्सी विमानात वरच्या मजल्यावर सैनिकांसाठी सत्तरेक सीट असतात. त्याही उलट्या.

प्रत्येक लष्करी विमानात असं नसतं. आपल्या हवाई दलाच्या एएन-३२ किंवा सी-१३०जे मध्ये जवान विमानाच्या भिंतीला पाठ लावून आडवे बसतात. त्यात माल आणि माणसं दोन्ही न्यायची सोय होते. समोरच्या धक्क्यासाठी मात्र हे आडवं बसणं सगळ्यात वाईट. मान आणि कंबर कडेला पिळवटली जाते.

एक पॉइंट चार सेकंद

आता स्टॅप यांच्यासमोर दुसरा प्रश्न आला. जेट विमानं आवाजाच्या वेगाने उडू लागली होती. अशा विमानातून वैमानिकाला सीटसकट बाहेर फेकलं, तर समोरून येणारा वारा त्याला जिवंत ठेवेल का?

त्यासाठी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर 'सॉनिक विंड' नावाची नवी गाडी बनली. १० डिसेंबर १९५४ रोजी स्टॅप तिच्यात बसले. पहिल्या फेरीला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. या वेळी तोंड पुढे होतं आणि समोर काच नव्हती. डोळे कायमचे जाऊ शकतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते आधीपासून अंधारात कपडे घालायचा सराव करत होते, असं सांगतात.

नऊ रॉकेटं पेटली. पाच सेकंदांत वेग ताशी १,०१७ किलोमीटर झाला. वरून उडणारं जेट विमान मागे पडलं. मग गाडी थांबली, १.४ सेकंदांत.

त्या क्षणी धक्का ४६.२ जी-पर्यंत गेला. ७५ किलोच्या माणसासाठी हे वजन जवळजवळ साडेतीन टन होतं. डोळ्यांतल्या बारीक शिरा फुटल्या. स्टॅप यांना उतरवलं तेव्हा त्यांना काही दिसत नव्हतं. त्या दिवशीच हळूहळू उजेड जाणवू लागला आणि दुसऱ्या दिवशी नजर परत आली.

ही त्यांची एकोणतिसावी आणि शेवटची फेरी. त्यांना अजून वेगाने जायचं होतं, पण हवाई दलाने परवानगी दिली नाही. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं.

त्याच काळात आपल्या कोल्हापूरचा माणूस

त्या वर्षांत भारतातही विमानं घडत होती आणि त्यामागे कोल्हापूर जिल्ह्यातला एक माणूस होता. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावी १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून ते परतले आणि बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी भारतीय रचनेची विमानं उभी केली. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे त्यांच्या टीमचं.

याच कारखान्यातून १९५९ मध्ये 'कृषक' हे लष्करी टेहळणीचं छोटं विमान उडालं. त्यात पुढे दोघं शेजारी शेजारी बसत आणि मागे तिसरी, हवी तशी फिरवता येणारी सीट बसवायची सोय होती. तिचा हेतू टेहळणीचा, मागचं दिसावं म्हणून. पण मागे तोंड करून बसायची सोय भारतीय रचनेच्या विमानातही होती, एवढं नक्की.

१९६४ मध्ये घाटगे यांच्याच देखरेखीखाली घडलेलं 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान उडालं. त्यात दोन्ही वैमानिकांसाठी बाहेर फेकणाऱ्या सीट होत्या. शिकाऊ पोराला जेटमधून जिवंत बाहेर काढता येतं, हा भरवसा ज्या प्रयोगांनी दिला, त्यात स्टॅप यांच्या त्या १.४ सेकंदांचा मोठा वाटा आहे.

मग आपल्या विमानात का नाही?

लष्कराने मानलं, मग विमान कंपन्यांनी का नाही मानलं? याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

एक, वजन. पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये धक्क्याचा भार पट्ट्यातून सीटच्या खालच्या भागात जातो. उलट्या सीटमध्ये तो छातीच्या उंचीवर, सीटच्या पाठीवर येतो. जमिनीतली मेख बुडाशी ढकलली तर हलत नाही, वरच्या टोकाला ढकलली की उपटते. तसंच हे. म्हणून सीट आणि तिच्या खालची जमीन दोन्ही जास्त मजबूत, म्हणजेच जड करावी लागतात. जड विमान म्हणजे जास्त इंधन आणि महाग तिकीट.

दोन, प्रवाशांची नावड. विमान नाक वर करून चढतं, तेव्हा उलट्या सीटवरचा माणूस पट्ट्यात लटकल्यासारखा पुढे झुकतो. अनेकांना मळमळतं. रेल्वेत आपण निम्मे लोक उलटे बसून जातो, पण रेल्वे नाक वर करत नाही.

तीन, उडणाऱ्या वस्तू. धक्क्यात वरच्या कप्प्यातलं सामान पुढे उडतं. उलटा बसलेल्याच्या ते थेट तोंडावर येऊ शकतं.

आणि उलटी सीट म्हणजे अमरपट्टा नव्हे. १६ मे १९५८ रोजी हॉलोमनलाच कॅप्टन एली बीडिंग मागे तोंड करून बसले. त्यांच्या छातीवर बसवलेल्या यंत्राने क्षणभर तब्बल ८३ जी-च्या आसपास धक्का नोंदवला. ते वाचले, पण बेशुद्ध झाले आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

प्रत्यक्ष अपघातात काय घडतं, याचं एक उदाहरण नेहमी दिलं जातं. ४ एप्रिल १९७५ रोजी व्हिएतनाममधून अनाथ मुलांना घेऊन निघालेलं सी-५ विमान सायगावजवळ भाताच्या खाचरांत कोसळलं. विमानातल्या ३१४ जणांपैकी १३८ जण गेले. वरच्या मजल्यावर, उलट्या सीटवर असलेली बहुतेक माणसं वाचली. खाली मालाच्या भागात असलेली बहुतेक गेली. पण याचं सगळं श्रेय सीटला देता येत नाही. वरचा भाग तुटून अखंड घसरत गेला, खालचा चिरडला गेला. सीट उलटी असूनही जमीनच उखडली असती, तर उपयोग शून्य होता.

स्टॅप यांचं म्हणणंही तेच होतं. सीटची दिशा महत्त्वाची आहेच, पण त्याआधी सीट जागेवर टिकली पाहिजे. नागरी विमानांनी त्यांचं हे अर्धं म्हणणं घेतलं, तेही उशिरा. पूर्वी प्रवासी सीट ९ जी-चा स्थिर भार सोसेल एवढी पुरायची. १९८८ मध्ये अमेरिकेने १६ जी-चा नियम केला, तोही खऱ्या झटक्याची चाचणी घेऊन. नव्याने बनणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानाला तो लागू व्हायला २००९ उजाडलं.

उलट्या सीटही नागरी विमानांत आल्या, पण वेगळ्याच दारातून. २००० साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये झोपायच्या सीट आणल्या. जागा वाचावी म्हणून त्यातल्या निम्म्या उलट्या ठेवल्या. नंतर कतार एअरवेजनेही तसंच केलं. म्हणजे जास्त पैसे देणारा प्रवासी आज उलटा बसून जातो, ते जागेच्या हिशोबामुळे.

विमानातून रस्त्यावर

स्टॅप यांचं सगळ्यात मोठं काम मात्र विमानाबाहेरचं आहे. हवाई दलाची माणसं विमान अपघातांत जेवढी मरतात, जवळजवळ तेवढीच घरच्या गाडीने जाताना रस्त्यावर मरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. वरिष्ठांना गाड्यांशी देणंघेणं नव्हतं. स्टॅप यांनी १९५५ मध्ये गाडी बनवणारे, डॉक्टर आणि संशोधक यांना हॉलोमनला बोलावलं आणि गाड्या आपटून दाखवल्या. ती परिषद त्यांच्याच नावाने आजही भरते.

१९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. दोन वर्षांत तिथल्या नव्या गाड्यांत सीटबेल्ट सक्तीचे झाले.

उलट्या सीटची कल्पना रस्त्यावर जिंकली ती बाळांच्या बाबतीत. १९६० च्या दशकात स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांची पाठीवर भार घेणारी आसनं पाहिली आणि लहान मुलांसाठी मागे तोंड केलेली सीट बनवली. बाळाचं डोकं जड असतं आणि मान कोवळी. म्हणून आज जगभर बाळांना गाडीत उलटं बसवतात.

आपल्याकडे काय? केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या आणि मागच्या, पण पुढे तोंड असलेल्या सीटवर बेल्ट लावायला सांगितलं आहे. सीट कोणत्या दिशेला आहे, हे नियमातच आलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलं नाही, तर एक हजार रुपये दंड आहे. तरी मागे बसून बेल्ट लावणारा माणूस आपल्याकडे विरळाच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवस चर्चा झाली, मग थांबली.

शेवटची वर्षं

१९७० मध्ये स्टॅप हवाई दलातून निवृत्त झाले. पुढेही रस्ता सुरक्षेवर काम करत राहिले. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे, हॉलोमनच्या त्या लोहमार्गापासून जवळच, राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय ८९. इतके धक्के सोसलेला माणूस म्हातारा होऊन अंथरुणावर गेला.

आपल्या विमानातल्या सीट त्यांना फिरवता आल्या नाहीत. वजन, पैसा आणि सवय यांच्यापुढे त्यांचे आकडे अर्धेच चालले. पण तिकीट काढताना जी गोष्ट आपल्या हातात नाही, ती गाडीत आहे. मलकापूरहून घाटात निघालेल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेलं बाळ आपण सगळ्यांनी पाहिलंय. आईने कितीही घट्ट धरलं, तरी १० जी-च्या धक्क्यात आठ किलोचं बाळ ऐंशी किलोच्या ओढीने पुढे जातं. एवढी ओढ दोन हातांना पेलत नाही. ते बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड करून, पट्ट्यात बांधलेलं असायला हवं.